पाठ नको, पोट दाखवा

नमस्कार श्रोतेहो.

साप पाळतो म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: चावत नाही का हो? पाळणाऱ्याला मी मात्र दुसरंच विचारतो. त्याचं पोट शेवटचं कधी बघितलंत? बहुतेक जण गप्प होतात. पाठीची नक्षी, कात टाकल्यावरची चकाकी, सगळं कौतुक पाठीचं. आणि त्या बिचाऱ्याचा अख्खा जन्म पोटावर जातो. पेटीत जे काही सांडतं, साचतं, तापतं, त्याचा पहिला मार पोटालाच बसतो.

हे शहाणपण मला उशिरा आलं. माझ्याकडे एक कॉर्न स्नेक, म्हणजे पाळायला सोपा असा बिनविषारी साप, होता. पाण्याचं भांडं जरा उथळ, तो त्यात शिरायचा आणि निम्मं पाणी बाहेर. खाली लाकडाच्या भुशाचा जाड थर. वरून हात फिरवला की कोरडा ठणठणीत, त्यामुळे मी निश्चिंत. एकदा त्याला उचलताना अंगठ्याला काहीतरी खरखरीत लागलं. उलटा करून बघतो तर पोटावरच्या चार-पाच खवल्यांच्या कडा विटकरी झालेल्या, एक खवला अर्धवट उचललेला, आणि शेजारी ज्वारीच्या दाण्याएवढा फोड. आत स्वच्छ पाणी. मी म्हटलं, कात टाकायला आला असेल. डोळे लख्ख होते, कात यायची असती तर दुधाळ झाले असते, हेसुद्धा मला तेव्हा सुचलं नाही. दोन आठवडे असेच गेले. मग भुसा तळापर्यंत उकरला. खालचा थर ओला, काळपट, आणि वास असा की विचारू नका.

साप पाळणारे याला स्केल रॉट म्हणतात, म्हणजे खवले कुजणं. सुरुवातीला खरं तर काही कुजलेलं नसतं. सततच्या ओलाव्यानं त्वचा फुगते, पाण्याचे फोड येतात. मग विष्ठेतले, घाणीतले जंतू आत शिरतात. स्यूडोमोनास, एरोमोनास ही त्यातली नेहमीची मंडळी. फोड फुटतो, जखम चिघळते, आणि तरीही दुर्लक्ष झालं तर जंतू रक्तात उतरतात. पोटभर लालसर झाक, अंग सैल, जीभ बाहेर येणंसुद्धा मंदावलेलं, असा साप दिसला तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी डॉक्टर.

एक खुलासा इथेच करतो, नाहीतर घाबरून जाल. बॉल पायथन, म्हणजे बरेच जण पाळतात तो छोटा अजगर, त्याचं पोट कात टाकण्याआधी गुलाबी दिसतं. ते सगळीकडे सारखं गुलाबी असतं, खवले अखंड असतात आणि कात गेली की रंगही जातो. रोगाचा लालपणा ठिपक्या-ठिपक्यांत येतो, कडा तपकिरी पडतात, हाताला खरखर लागते.

अगदी असंच दिसणारं दुसरं दुखणं म्हणजे भाजणं. हीट मॅटला, म्हणजे ऊब देणाऱ्या विजेच्या चटईला, थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला तिला आवरणारं उपकरण, नसेल तर ती तापतच राहते, आणि साप त्यावरून हलत नाही. आपल्याला वाटतं, चटका बसला तर सरकेल की! नाही सरकत. ऊब हवी म्हणून तो तिथे बसलेला असतो आणि पोटाखालची त्वचा भाजून निघते. पेटीच्या आत जाळीशिवाय लावलेला दिवा तर त्याहून वाईट, कारण साप त्यालाच वेटोळं घालून बसतो. भाजल्याची खरी खोली दिसायला कधी कधी काही दिवस लागतात. थर्मोस्टॅटशिवाय साप पाळूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पेटीपेक्षा तो आधी विकत घ्या.

आता उपचार. जखम बघायची डॉक्टरांनी, तेही सरपटणाऱ्या प्राण्यांची सवय असलेल्या पशुवैद्यानं. पण पेटी सुधारायची आपण, आणि ती आजच. बिछाना सगळा काढून टाका. पेटी धुवा, वाळवा, आणि तळाला पांढरा कागद घाला. दिसायला ओकंबोकं, पण घाण झाली की लगेच कळतं, रक्ताचा थेंबही दिसतो. पाण्याचं भांडं जड घ्या, सहज उलटणार नाही असं.

तापमानाकडे मात्र औषधाइतकंच लक्ष द्या. सापाचं रक्त स्वतःहून तापत नाही. अंग थंड असेल तर प्रतिकारशक्ती झोपलेली राहते, औषधही नीट पचत नाही. म्हणून त्याच्या जातीला मानवेल त्या तापमानाची वरची बाजू धरायची, रात्रीसुद्धा. बॉल पायथनला उबेची बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजू साधारण २५ ते २७. थंड बाजू ठेवायचीच, नाहीतर तो जाणार कुठे? आणि ओलावा नको म्हणजे हवा कोरडीठाक हवी असं नाही. हवेतली आर्द्रता वेगळी आणि पोटाखालचा चिखल वेगळा.

डॉक्टर सांगतात ते धुणं साधारण असं असतं: पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक कोमट पाण्यात इतकं पातळ करायचं की रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसावा. त्यात पोट बुडेल, डोकं वर राहील, इतकंच पाणी. पंधराएक मिनिटं तिथून उठायचं नाही. मग टिपून पूर्ण कोरडा करायचा आणि सांगितलेलं मलम, बऱ्याचदा सिल्व्हर सल्फाडायझिन, पातळ लावायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, तेल, घरगुती लेप, बधिर करणारं औषध मिसळलेली मलमं, यातलं काहीही नको. फोड फोडायचे नाहीत.

जखम खोल असेल तर इंजेक्शनं येतात. सेफ्टाझिडिमसारखं प्रतिजैविक सापाला तीन-तीन दिवसांनी देतात. ऐकून वाटतं, एवढ्यानं काय होणार? पण सापाचं शरीरच संथ, औषध आत बराच वेळ टिकतं. इंजेक्शन अंगाच्या पुढच्या भागात देतात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे वळू शकतं.

गाठ असेल तर गोष्ट वेगळी. जिवंत उंदीर खायला सोडला आणि तो चावला, की काही दिवसांनी तिथे टणक फुगवटा येतो. सापाचा पू वाहत नाही, घट्ट, साबणाच्या वडीसारखा असतो. दाबून काहीही बाहेर येणार नाही. चिरून, आवरणासकट काढावी लागते.

साप अचानक पाण्यात पडून राहायला लागला तर भांड्याच्या तळाशी बघा. काळे ठिपके दिसले तर माइट्स, म्हणजे गोचिडीच्या जातीचे बारीक किडे. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली लपतात, रक्त पितात आणि जंतूही पसरवतात. सापाबरोबर पेटीलाही औषध लागतं, कारण त्यांची अंडी सापाच्या अंगावर नसून पेटीच्या फटींत असतात. कुत्र्यामांजरांचे फवारे परस्पर मारू नका.

तोंडावर, अंगावर पिवळट-तपकिरी खपल्या आणि औषध चालू असूनही उतार नाही, तर बुरशीचा संशय घ्यावा. ऑफिडिओमायसिस नावाची बुरशी सापांना धरते, उत्तर अमेरिकेतल्या रानटी सापांत ती बरीच सापडली आहे. जंतूंवरच्या प्रतिजैविकानं ती हलत नाही. त्वचेचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो, आणि तोवर तो साप इतरांपासून वेगळा. नवा साप आणलात तरी दोन-तीन महिने वेगळ्या खोलीतच ठेवा.

आणि हात धुवा. सापाच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारा जंतू, असू शकतो, साप निरोगी दिसत असला तरी. जखम धुतलेलं भांडं स्वयंपाकघरात न्यायचं नाही, लहान मुलांना मदतीला घ्यायचं नाही.

माझ्या सापाचं काय झालं? जखमी साप नेहमीपेक्षा लवकर लवकर कात टाकतो. पहिली कात त्या जागी चिकटून फाटली. मी ओढली नाही, ओल्या फडक्यात त्याला थोडा वेळ फिरू दिलं, सुटली तेवढी सुटली. प्रत्येक कात मी टेबलावर ओली करून पसरत असे. पोटाचे खवले शिडीच्या पायऱ्यांसारखे ओळीनं दिसतात. पहिल्या कातीत चार पायऱ्यांच्या जागी भोक होतं. दुसरीत जाळी. चौथीत पायऱ्या सगळ्या होत्या, त्यातल्या दोन जरा वाकड्या. त्या वाकड्याच राहिल्या.

नमस्कार.