लुधियान्याला उतरून बघा

नमस्कार श्रोतेहो. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस निघते ती थेट अमृतसरला. गाडीत बसलेल्या आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढं सुवर्णमंदिर असतं. दुसऱ्या दिवशी लुधियाना आलं की कुणीतरी खिडकीतून डोकावतं, "स्वेटरचं गाव आलं" म्हणतं आणि पुन्हा पांघरूण ओढून घेतं. आज मला एवढंच सांगायचंय, की जाताना नाही तर येताना, पण एकदा लुधियान्याला उतरा. दोन दिवस हाताशी ठेवा.

गाव कारखान्यांचं आहे, हे खरं. होजिअरी, शिलाई मशीन, सायकली. शाळेत असताना आपण ज्या सायकलींवर कैची मारत शिकलो, त्यातल्या कितीतरी इथं तयार झाल्या. हिरो सायकलचा कारखाना इथलाच, 1956 सालचा. सायकलीवरून आठवलं म्हणून बोलते. आठवी-नववीतल्या मुलांना घरचे लोक स्कूटी देतात, ते मला अजिबात पटत नाही. शाळा दीड किलोमीटरवर असते. सायकल द्या हो मुलांना. पायात बळ येतं आणि रस्ता कळतो.

तर, लुधियाना. नावातच लोदी आहेत. पंधराव्या शतकाच्या शेवटी लोदी सुलतानांच्या काळात हे गाव सतलजच्या काठी वसलं. पुढं नदी लांब सरकली. तिच्या जुन्या पात्रातून आज बुड्ढा नाला वाहतो आणि रंगाईच्या कारखान्यांचं पाणी त्यात मिसळतं. मी पुलावर उभी राहून ते काळं पाणी पाहिलं. घरी आल्यावर गोदावरीच्या घाटावर गेले, तर आपल्या शहराचे नाले नदीत उतरताना दिसले आणि पोटात कालवलं. आपण वेळेवर जागं व्हायला हवं.

स्टेशनच्या जवळच घंटाघर आहे, त्याच्या पलीकडं चौडा बाजार. चौडा म्हणजे रुंद, पण गर्दी अशी की खांद्याला खांदा लागतो. लोकरीचे गुंडे, शाली, मोजे, कानटोप्या. या बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत नौघरा मोहल्ला आहे आणि तिथं हुतात्मा सुखदेव यांचं जन्मघर आहे. 15 मे 1907 चा त्यांचा जन्म. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव ही तीन नावं आपण एका दमात घेतो. त्यातले राजगुरू आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडचे. 23 मार्च 1931 ला तिघं लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. खेडचा मुलगा आणि या अरुंद बोळातला मुलगा एकाच संध्याकाळी गेले, हे त्या दारात उभं राहिल्यावर अंगावर येतं. पत्ता शोधत बसू नका. कुठल्याही दुकानदाराला "शहीद सुखदेवजी का घर" विचारा, तो पोरगं पाठवतो बरोबर.

कृषी विद्यापीठाच्या आवारात जुन्या पंजाबी घराचं संग्रहालय आहे. चरखे, पितळी भांडी, फुलकारीची ओढणी. बायकांनी ते जरूर बघावं. जालंधरच्या रस्त्यावर महाराजा रणजितसिंगांच्या नावाचं युद्ध संग्रहालय आहे, तिथं रणगाडे बघायला मुलं रमतात.

आता मी ज्यासाठी बोलायला बसले, ते सांगते. शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरवर आलमगीर नावाचं गाव आहे. तिथं मंजी साहिब गुरुद्वारा आहे. मंजी म्हणजे खाट, आपण मराठवाड्यात बाज म्हणतो ती. 1704 च्या डिसेंबरात चमकौरच्या लढाईत गुरू गोबिंदसिंगांचे दोन थोरले मुलगे पडले. गुरुजी एकटे माछीवाड्याच्या जंगलात आले. मागावर मोगलांची फौज. तेव्हा नबी खान आणि गनी खान या दोन पठाण भावांनी त्यांना निळे कपडे घातले, बाजेवर बसवलं आणि "हे उच्च या गावचे पीर आहेत" असं सांगत खांद्यावरून वाहून नेलं. पुन्हा सांगते, नबी खान आणि गनी खान, दोघं मुसलमान भाऊ. ती बाज आलमगीरला खाली ठेवली, म्हणून मंजी साहिब. आणि तिथून पुढं, कितीतरी मुलूख ओलांडून, गुरुजी आपल्या नांदेडला आले. 1708 मध्ये गोदाकाठीच त्यांनी देह ठेवला.

मी गेले होते माझ्या आत्याला घेऊन. आत्याचं सगळं आयुष्य नांदेडात गेलं. दसऱ्याला गुरुद्वाऱ्याची मिरवणूक निघते, तो हल्लाबोल तिनं एकदाही चुकवला नाही. जानेवारीचे दिवस, धुकं असं दाट, की गुरुद्वाऱ्याचा घुमट अगदी जवळ गेल्यावर दिसला. पाय धुतले, तर पाण्यानं बोटं बधिर झाली. माथा टेकून आम्ही लंगरमध्ये जेवायला बसलो. आत्याचं जेवण झालं, पण ती उठून बाहेर जाईना. "नुसतं खाऊन कसं जायचं गं," म्हणाली आणि सरळ जाऊन पोळ्या लाटणाऱ्या बायकांत बसली.

तिथं पोळीला प्रशादा म्हणतात. भराभर लाटायचा आणि मोठ्या तव्यावर टाकायचा. आत्यानं कणकेचा गोळा घेतला, थोडा लाटला, बोटानं तूप लावलं, घडी घातली, पीठ भुरभुरवलं आणि त्रिकोण लाटायला घेतला. आपली घडीची पोळी. शेजारच्या बायका थांबल्या. एकीनं विचारलं, "ए की? परौंठा?" आत्या म्हणाली, "नहीं बाई, पोळी. हमारे नांदेड में ऐसीच करते."

नांदेड म्हटल्याबरोबर तव्यापाशी बसलेली एक म्हातारी वळली. सत्तरीच्या पुढची, डोक्यावर पांढरी ओढणी, हात मनगटापर्यंत पिठानं माखलेले. "हजूर साहिब?" तिनं विचारलं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला तिकडं हजूर साहिब म्हणतात. आत्या म्हणाली, "हो, वहीं के." म्हातारी उठली, आत्यासमोर येऊन बसली आणि तिनं आत्याचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. आत्याच्या पिठाचे ठसे तिच्या कपाळावर उमटले. म्हणाली, होजिअरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं स्वेटरला गळे जोडले, दर वर्षी हजूर साहिबला जायचं ठरवलं, दर वर्षी काही ना काही निघालं, आता गुडघे चालत नाहीत.

आत्याला काय बोलावं सुचेना. मग ती तिच्या हिंदीत म्हणाली, "माताजी, तुम्हारे गाँव ने महाराज को बाज पे से उतारा, इसलिए तो हमारे गाँव तक पहुँचे."

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. मग उठून कोपऱ्यातली आपली पिशवी घेऊन आली. घरून लंगरसाठी ती रोज पीठ आणायची, त्यातलं थोडं तळाशी उरलं होतं. तिनं मूठभर पीठ काढून आत्याच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, हे हजूर साहिबच्या लंगरच्या कणकेत मिसळ.

आत्यानं शेंगदाण्याच्या चटणीचा स्टीलचा डबा रिकामा केला. घासला, पुसला, उन्हात ठेवायला ऊन नव्हतं म्हणून तव्याच्या ऊबेला धरला. पीठ त्यात भरलं. परतीच्या गाडीत दोन रात्री तो डबा तिच्या उशाशी होता. वाटेत स्टेशनावर सेवादार लंगर घेऊन आले, तेव्हा वाढून घ्यायला भांडं हवं म्हणून मी तो डबा मागितला, तर मला ओरडली.

तुम्ही जाल तेव्हा डोकं झाकायला मोठा रुमाल आणि गाडीतल्या लंगरसाठी एक रिकामं ताट बरोबर ठेवा. रुमाल आणि ताट, दोन्ही.

नांदेडला उतरलो तेव्हा अंगाला प्रवासाचा वास येत होता. मी म्हटलं, आज घरी आराम करू, गुरुद्वाऱ्यात उद्या जाऊ. आत्यानं ऐकलं नाही. घरी जाऊन अंघोळ केली ती तिनं घाईघाईत, चहाही घेतला नाही आणि रिक्षा करून आम्ही गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये गेलो. परातीत कणीक मळायला घेतली होती. आत्यानं सेवादाराला डबा दिला आणि म्हणाली, "आलमगीर की माताजी ने भेजा है." त्यानं कोण, कशाला, काही विचारलं नाही. डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि परातीत उपडा केला. मग डब्याच्या बुडाला चिकटलेलं पीठ त्यानं बोटानं निपटून काढलं.