राधिका, रमा आणि धाब्यावरच्या बिबड्या

(दृश्य: पहाट. अमळनेर तालुक्यातलं एक गाव. चुलीवर मोठं पातेलं, भोवती चार बाया.)

निवेदन:

एप्रिल महिना. ऊन चढायच्या आत धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बिबड्या थापून झाल्या पाहिजेत. बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. चुलीवर ज्वारीचा घाटा रटरटतोय. एकीनं पातेलं धरायचं, दुसरीनं लाकडी दांड्यानं हाटत राहायचं. तीळ, लसूण, तिखट पडलं की वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. माझी माय आणि तिच्या शेजारणी दरवर्षी हे काम मिळून करतात. हात चालू असतात, तोंडही चालू असतं. आणि बोलण्यात घरच्या सुनांइतक्याच हक्कानं मालिकेतल्या बायाही येतात.

सगळ्यांत जास्त येते ती राधिका.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ मध्ये सुरू झाली, २०२१ मध्ये संपली. या धाब्यावर मात्र राधिका अजून नांदते आहे. अनिता दाते-केळकर यांनी उभी केलेली ही नागपूरकडची बाई. नवरा गुरुनाथ दुसरीच्या नादी लागलेला, वर हिच्या गावंढळ बोलण्याची त्याला लाज वाटते. बाहेर चर्चा झाली ती गुरुनाथ आणि शनायाची. आमच्या गल्लीत चर्चा झाली ती मसाल्याची. घरात कुटलेला मसाला विकता विकता तिनं ‘राधिका मसाले’ उभं केलं, तेव्हा घाटा हाटणाऱ्या या हातांना पहिल्यांदा वाटलं, आपण करतो त्याला मोल आहे. पुढे तिचा धंदा कोटींत गेला, ते मला पटलं नाही. पण पहिली पाकिटं भरणारी राधिका शंभर टक्के खरी होती. तशा बाया मी रोज बघते.

आणि तिनं बोली सोडली नाही! पैसा आला, मान आला, तरी ती तशीच बोलत राहिली. मला ती आवडते ती यासाठीच.

(दृश्य: ओल्या धोतरावर बिबडी थापणारा हात. मागे तापत चाललेलं आभाळ.)

‘आई कुठे काय करते’मधली अरुंधती मायच्या धाकट्या जावेची लाडकी. पंचवीस वर्षांचा संसार मोडल्यावर अरुंधती पुन्हा गाऊ लागली, तेव्हा काकू टीव्हीसमोरून हलली नव्हती. काकू लग्नाआधी भजनं म्हणायची, हे मला त्या दिवशी कळलं.

माझी स्वतःची लाडकी रमा. ‘उंच माझा झोका’, २०१२, रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावरची मालिका. लहानपणीची रमा तेजश्री वालावलकरनं केली, मोठेपणीची स्पृहा जोशीनं. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली मुलगी नवऱ्याकडून अक्षरं शिकते, आणि घरातल्या बायकाच तिला टोचून बोलतात. पुस्तकामुळे बोलणी खाणारी पोर पडद्यावर बघताना मला माझ्या मायची शाळा आठवायची, चौथीत सुटलेली.

पुढे मी रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाचल्या, १९१० साली छापलेल्या. त्यात आमचं धुळं सापडलं. १८७९ मध्ये त्यांच्या नवऱ्याची, न्यायमूर्ती रानड्यांची, धुळ्याला बदली झाली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. सरकारला रानड्यांचाही संशय, म्हणून त्यांचं टपाल फोडून वाचलं जाई. रमाबाई तेव्हा सतरा वर्षांच्या. पुण्याच्या वाड्यातली वाटलेली रमा इथं, आमच्या उन्हात, फोडलेली पत्रं हातात घेऊन बसली होती. मी मायला ते पान वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे आपलीच की.”

(दृश्य: दुपार. वाळून कडा उचललेल्या बिबड्या.)

राधिकानं नागपुरी आणली. ‘रात्रीस खेळ चाले’मधल्या वच्छीनं मालवणी आणली. मला आमच्या खानदेशी बोलीत, अहिराणीत बोलणारी नायिका बघायची आहे. चार वाक्यं बोलून हसवून जाणारी मोलकरीण नको. मालिका जिच्या नावानं चालेल, जी रागावेल अहिराणीत, हिशोब करेल अहिराणीत, आणि दारात आलेल्या शेजारणीला म्हणेल, “काय करी ऱ्हायनी व माय?”

(दृश्य: संध्याकाळ. वाळलेल्या बिबड्या डब्यात रचल्या जातात. आतून मालिकेच्या शीर्षकगीताचा आवाज.)

माय हात पुसते. काकूला हाक मारते. डब्याचं झाकण तसंच उघडं राहतं.