आकडा आला कुठून?

नमस्कार श्रोतेहो.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. असं म्हटलं की समोरचा माणूस जरा थबकतो आणि मग विचारतो, "पण मुलं त्याचं पुढे करतात काय?" आर्ट्सला आलेला मुलगा म्हणजे मार्क कमी पडलेला मुलगा, असं आपल्याकडे धरूनच चालतात. आता त्यात भर पडली आहे ती एआयची. "आता तर तुमच्या विषयांचं काही खरं नाही," असं परवा शेजारच्या काकांनी मला जिन्यातच ऐकवलं.

मला वाटतं, काकांनी गाडी उलट्या दिशेला लावली.

भाषांतराच्या एका ॲपमध्ये मी इंग्रजीतलं साधं वाक्य टाकलं होतं, 'आय ॲम टायर्ड'. मराठी आलं, 'मी थकलो आहे.' थकलो! त्या इंग्रजी वाक्यात बोलणारा बाई की पुरुष हे नसतंच. मराठीत ते ठरवल्याशिवाय क्रियापद पुरं होत नाही. मग ठरवलं कुणी? मुद्दाम असं कुणीच नाही. यंत्रानं जी ढीगभर वाक्यं वाचली, त्यांत थकणारे बहुतेक पुरुष असणार. ओट्याशी उभं राहून थकलेल्या बाईनं ते कुठे लिहून ठेवलंय!

इथवर हसण्यावारी नेता येतं. कोर्टात नेता येत नाही.

अमेरिकेत कॉम्पास नावाची एक प्रणाली आहे. आरोपी पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता किती, हे ती १ ते १० अशा अंकात सांगते, आणि तो अंक न्यायाधीशांच्या टेबलावर जातो. २०१६ साली प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेनं फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीमधल्या सात हजारांहून जास्त लोकांचे अंक मिळवले आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांचं काय झालं ते ताडून पाहिलं. ज्यांच्या नावावर नंतर काहीच लागलं नाही, अशा कृष्णवर्णीयांपैकी शेकडा सुमारे ४५ जणांना यंत्रानं धोक्याचं ठरवलं होतं. गोऱ्यांमध्ये शेकडा २३-२४. म्हणजे खोटा आळ जवळजवळ दुप्पट.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं वेगळं. एकच अंक मिळालेले लोक घ्या, समजा ७ मिळालेले, असा तिचा युक्तिवाद. काळे असोत वा गोरे, त्यांतले पुन्हा सापडणारे जवळपास सारख्याच प्रमाणात आहेत. मग भेदभाव कुठला?

आता खरी मेख ऐका. दोघांचंही गणित बरोबर होतं. त्याच वर्षी जॉन क्लाइनबर्ग, सेंधिल मुल्लईनाथन आणि मनीष राघवन या संशोधकांनी सिद्ध करून दाखवलं की, दोन गटांत पुन्हा अटक होण्याचं मूळ प्रमाणच वेगळं असेल, तर खोटा आळ दोन्हीकडे सारखा आणि अंकाचा अर्थही दोन्हीकडे सारखा, हे दोन्ही न्याय एका अंकात एकदम बसत नाहीत. यंत्र कितीही सुधारा. भविष्य बिनचूक सांगता आलं तर गोष्ट वेगळी, पण ते कुणाला येतंय? एका न्यायाला झुकतं माप द्यावंच लागतं. कोणत्या, ते गणित सांगत नाही. समानांना समान वाटा हे सगळ्यांना पटतं, भांडण होतं ते समान कोणाला म्हणायचं यावर, हे ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय. आम्ही ते एफवायच्या मुलांना शिकवतो, आणि मुलं खिडकीबाहेर बघतात.

बरं, हे मूळ प्रमाण तरी कशाचं? यंत्र गुन्हे मोजतच नाही. ते मोजतं अटका. अटक कुणाला होते, हे पोलिसांची गाडी कुठल्या वस्तीत फिरते यावर असतं.

यासाठी फ्लोरिडापर्यंत जायलाही नको. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची सेटलमेंट होती, आत हजेरी लागायची. कायदा १९५२ साली गेला, पण आजही चोरी झाली की पहिला संशय पारध्यांच्या पालावर जातो. अटकांचं ते रजिस्टर उद्या यंत्राला खायला घातलं, तर त्यातली एकही नोंद खोटी नसेल. तारीख खरी, सही खरी, कलम खरं. तरी त्यावरून निघणारा अंक काय लायकीचा असेल, हे सांगायला तो कायदा माहीत असलेला इतिहासाचा माणूस लागेल, आणि पालावर वाढलेला माणूस तर लागेलच.

आमच्या गोटाचंही चुकतं. आकड्यांचं कोष्टक पुढे आलं की आम्ही चष्मा पुसत बसतो. म्हणून गेल्या वर्षी मीच ब्रॉवर्डचे आकडे फळ्यावर मांडले. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ज्याला ७ मिळाले त्याला कळतं का, ७ का मिळाले?" विस्कॉन्सिनमधल्या एका आरोपीनं थेट हाच मुद्दा कोर्टात नेला होता. हिशोब कसा होतो ते कंपनीचं व्यापारी गुपित होतं. २०१६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, अंक वापरा, पण एवढ्यावरच निकाल देऊ नका, आणि अंकाला त्याच्या मर्यादांची लेखी सूचना जोडा.

मुलगी म्हणाली, "पण सूचना वाचून न्यायाधीश अंक विसरतील का?"

पुढचे दोन तास त्यावरच गेले. सिलॅबस मागे पडला तो पडलाच.

नमस्कार.