ब्लेडच्या फटीतून सौरज्वाला

(दृश्य: रावेरच्या केळीबागा, भर दुपार)
मे महिना. पारा ४५ला टेकलाय. एवढं ऊन अंगावर येतं, तरी त्यातला एक भाग खाली पोचतच नाही. सुमारे २९० नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश ओझोन आणि ऑक्सिजन वरच शोषून घेतात. सौरज्वालेचा, म्हणजे सूर्यावर अचानक होणाऱ्या भडक्याचा, हिशेब मांडायचा तर नेमका तोच हवा.

(दृश्य: जळगावातली कॉलेजची प्रयोगशाळा, हात जवळून)
उजेडातले रंग सुटे करणारं घरगुती उपकरण. खोक्याच्या एका टोकाला दाढीची दोन ब्लेडं धारेसमोर धार ठेवून चिकटवायची, मधे कागदाच्या जाडीएवढी फट. खोक्याच्या दुसऱ्या टोकाला सीडीचा तुकडा, चंदेरी थर चिकटपट्टीने ओढून काढलेला. त्यावर मिलिमीटरला साधारण ६२५ रेघा असतात. फट सूर्याकडे कधीच रोखायची नाही. उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे धरायची. रंगपट्टा, म्हणजे वर्णपट, उमटतो, त्यात बारीक काळ्या रेषा. पिवळ्यातली ५८९ नॅनोमीटरजवळची सोडियमची. फट रुंद झाली की रेषा पुसतात, फार अरुंद केली तर उजेड पुरत नाही. ब्लेडं समांतर हवीत. इथेच बहुतेकांचं बिनसतं.

(दृश्य: आयरिसने टिपलेली ज्वाला आणि वर्णपट)
नासाने २०१३ साली सोडलेल्या आयरिस उपग्रहातही फटच आहे, २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीमागे. तिच्यातून सूर्यावरची जेमतेम २४० किलोमीटर रुंदीची पट्टी दिसते. ज्वाला भलतीकडेच पेटली, तर हाती काही लागत नाही. फटीखाली पेटली, तर कधी इतका उजेड येतो की संवेदकच भरून जातो.

पण साधलं, तर १३५४.१ अँगस्ट्रॉमला (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर) लोखंडाची रेषा उजळते. वीस इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड, तापमान एक कोटी अंशांच्या वर. रेषा निळ्याकडे ०.९ अँगस्ट्रॉम सरकली, म्हणजे वायू सेकंदाला २०० किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने उसळतोय. त्याच वेळी सिलिकॉनची १४०३ची रेषा तांबड्याकडे झुकते: थंड थर खाली दाबला जातोय. नुसत्या फोटोत दोन्ही पांढरे ठिपकेच.

(दृश्य: आदित्य-एल१चं उड्डाण, २ सप्टेंबर २०२३)
इस्रोच्या या सूर्ययानावरची, पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडलेली ‘सूट’ दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये अख्ख्या सूर्याची चित्रं घेते. ज्वाला कुठे, हे ती सांगते; वेगासाठी वर्णपटच लागतो.



(दृश्य: संगणकाचा पडदा, आलेख)
आयरिसची निरीक्षणं कुणालाही फुकट उतरवून घेता येतात, जळगावातूनही. फाइली जड असतात, रात्री लावून ठेवाव्यात. लोखंडाच्या रेषेला खेटून १३५४.३ला कार्बनची रेषा आहे, ती आधी वजा करायची. आणि ऑक्सिजनची १३५५.६ची रेषा तपासायची. शांत भागात तीही हललेली दिसली, तर सरकलंय ते उपकरण, सूर्यावरचा वायू नव्हे.