दस्त्यावरची सही

(सुरुवातीचे काही क्षण निवेदन नाही. फक्त आवाज: लिव्हर खाली जाते, वर येते.)

अमेरिकेतील उत्तर पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात अनेक घरांना हा आवाज ओळखीचा आहे. विंचेस्टर कंपनीच्या 'मॉडेल 94' रायफलीची लिव्हर, म्हणजे घोड्याभोवतीची पोलादी कडी, खाली ओढली की रिकामे काडतूस वरच्या बाजूने बाहेर उडते, आणि ती पुन्हा वर घेतली की नवे काडतूस नळीत जाऊन बसते. आपण पाहत आहोत ती रायफल 1950 च्या दशकात, कनेटिकटमधील न्यू हेवनच्या कारखान्यात तयार झाली. ज्यांनी ती जवळजवळ आयुष्यभर वापरली, ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांच्या मुलीने ती एका जुन्या घोंगडीत गुंडाळून या कारागिराच्या टेबलावर आणून ठेवली आहे आणि वडिलांची काहीतरी खूण तिच्यावर कोरून हवी, एवढेच तिने सांगितले आहे.

या रायफलीची रचना जॉन मोझेस ब्राउनिंग यांची. यूटामधील ऑग्डेन या गावी त्यांचे वडील बंदुका बनवत आणि दुरुस्त करत असत. मुलाने धंद्याचे पहिले धडे त्याच दुकानात गिरवले. 1894 मध्ये ही रायफल बाजारात आली तेव्हा तिची काडतुसे काळ्या दारूची होती. पुढच्याच वर्षी, धूर न करणाऱ्या नव्या दारूचा दाब सहन करील अशी निकेल-पोलादाची नळी तिला बसवण्यात आली आणि 'थर्टी-थर्टी' हे काडतूस आले. यातला पहिला 'थर्टी' नळीच्या व्यासाचा, म्हणजे इंचाच्या शंभरातील तीस भागांचा, आणि दुसरा मूळ काडतुसातील दारूच्या तीस ग्रेन, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम, वजनाचा. सुमारे तीन किलो वजनाची, झाडीत कोठे न अडकणारी ही आखूड रायफल हरणाच्या शिकारीसाठी इतकी सोयीची ठरली की पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत तिचे सत्तर लाखांहून अधिक नग तयार झाले. त्यामुळे ती दुर्मीळ मुळीच नाही. वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. परंतु 1950 च्या दशकातील 'मॉडेल 94' च्या नोंदी त्यांत नाहीत. म्हणून या रायफलीचा इतिहास तिच्या अंगावर आणि या पत्र्याच्या डब्यात जेवढा आहे, तेवढाच.

डब्यात शिकारीचे जुने परवाने आहेत. पेनसिल्व्हेनियात शिकाऱ्याने परवाना कोटाच्या पाठीवर लावण्याची पद्धत कित्येक दशके होती. पावसाने आणि घामाने त्यांचे रंग उडाले आहेत, पण एका परवान्यावरची सही अजून स्पष्ट वाचता येते. मुलीच्या सांगण्यानुसार ती सही ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून केलेली आहे, आणि तिच्या मधल्या एका अक्षरात पेन किंचित घसरलेले दिसते.

(परवाना जवळून. पाच सेकंद शांतता.)

आता रायफलीकडे पाहावे. नळी आणि दस्ता यांना जोडणारी जी पोलादी पेटी असते, तिला रिसीव्हर म्हणतात. या रायफलीचा तोल बरोबर तेथेच साधतो, त्यामुळे रानात चालताना ती नेहमी रिसीव्हरखाली हात घालून, एका मुठीत धरून नेली जाते. कारखान्यात चढवलेला निळसर-काळा थर याच जागी तळव्याच्या घर्षणाने आणि घामाने झिजला आहे आणि खालचे पोलाद पांढुरके होऊन गुळगुळीत झाले आहे. मूठ कोठे पडत होती आणि बोटे कोठे टेकत होती, हे येथे बोट ठेवून दाखवता येते. जुनी बंदूक हाती आली की ती घासून, नव्याने थर चढवून, दस्ता तासून चकाचक करण्याची हौस अनेकांना असते. या एका बाबतीत निवेदकाला तटस्थ राहता येत नाही: तसे करणे म्हणजे ज्याची आठवण ठेवायची, त्याचाच हात पुसून टाकणे होय. कारागिराचे मतही तेच पडले, आणि रिसीव्हरला हात लावायचा नाही असे त्याने आणि मुलीने मिळून ठरवले.

दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे. त्यावरचा हा पोचा ट्रकच्या फाळक्यावर आपटून पडलेला आहे. ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली तर वाफेने लाकूड फुगते आणि असा पोचा बराचसा भरून येतो. ते काम येथे सहज झाले असते, पण तेही केलेले नाही. दुरुस्त केली ती फक्त रिसीव्हरला लागून गेलेली चीर, कारण गोळी सुटताना बसणारा धक्का नेमका त्याच जागी येतो आणि चीर वाढत जाते.

सहीसाठी चांदीचा एक लंबगोल पत्रा कापला आहे. त्याची लांबी अंगठ्याच्या पेराएवढी असेल. दस्त्याच्या खालच्या कडेवर त्याची बाह्यरेषा आखून, धारदार सुरीने ती कापून, आतले लाकूड बारीक पटाशीने काढले जाते. खोली जेमतेम एक मिलिमीटर असते आणि सगळी कसोटी तेथेच लागते. पत्र्याच्या पाठीला दिव्याची काजळी लावायची, तो खाचेत दाबायचा, उचलायचा, आणि लाकडावर जेथे काळा ठिपका उमटला असेल तेवढाच कण तासायचा. मग पुन्हा काजळी लावायची आणि पुन्हा दाबायचे. आम्ही चित्रीकरण केले त्या दुपारी हा प्रकार चाळीसहून अधिक वेळा झाला. शेवटी पत्रा असा बसला की लाकूड आणि चांदी यांच्या सांध्यावरून नख फिरवले तरी ते अडकत नाही.

नंतर पत्र्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात देऊन त्यावर सही उतरवली जाते. पत्रा खाचेतून काढून गोलाकार व्हाइसमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, धरलेला आहे. कोरणीची मूठ तळव्यात टेकवून कारागीर ती पुढे रेटतो. पण वळण आले की हात जागच्या जागी राहतो आणि डाव्या हाताने व्हाइस फिरवला जातो. कोरणीपुढे उठणारा हा चांदीचा कीस केसाइतका बारीक आहे. पेन घसरले होते त्या अक्षराशी कारागीर थांबतो, भिंगातून परवान्याकडे पाहतो, आणि ती घसरण जशीच्या तशी कोरतो.

(सही पूर्ण होते. मुलगी पाहते. येथे निवेदन नाही.)

रिसीव्हरच्या पुढच्या भागात, खालच्या बाजूला असलेल्या अनुक्रमांकाला कोणीही हात लावलेला नाही. तो खोडणे किंवा बदलणे हा अमेरिकेच्या संघीय कायद्याने गुन्हा आहे. रायफल रात्री कारागिराकडे राहणार असल्याने तिची नोंद बंदुकांच्या कामाचा परवाना असलेल्या या कारागिराच्या वहीत झालेली आहे. संग्राहकांच्या बाजारात तिची किंमत या कामामुळे उतरली, परंतु ती विकायची नाही.

पेनसिल्व्हेनियात रायफलीने हरणाच्या शिकारीचा हंगाम अनेक दशके नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी सुरू होत असे आणि ग्रामीण भागातील कितीतरी शाळा त्या दिवशी बंद राहत. 2019 पासून तो शनिवारी सुरू होतो. उजाडण्यापूर्वीच्या या दृश्यात डोके, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच भडक नारिंगी रंग मुलीच्या अंगावर दिसतो, कारण तसा नियम आहे. त्या दिवशी तिला एक हरीण मिळाले.

संध्याकाळी रायफल रिकामी करून, तेलाच्या फडक्याने पुसून खुंटीला लावली जाते. चांदी हवेने काळवंडणारच, तेव्हा ती घासू नये, असे कारागिराने बजावले आहे. फार तर वरून अंगठा फिरवावा. काळेपणा कोरलेल्या रेषांत उतरून बसेल आणि चार-पाच वर्षांनी सही आजच्यापेक्षा ठळक दिसेल.

(अंगठा चांदीवरून फिरतो. चित्र संपेपर्यंत निवेदन नाही.)