खरखर कुठली आणि कार्ड कुठलं

नमस्कार. विषय स्वस्तातल्या साउंड कार्डांचा, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागांचा आहे, पण मी सुरुवात खरखरीपासून करणार आहे. मला लोक विचारतात ते बहुतेक वेळा असंच असतं: ‘आवाजात खरखर येते, कुठलं कार्ड घेऊ?’ खरखर कुठून येते हे न बघता कार्ड आणलं, की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. पैसे जातात, कार्ड येतं आणि खरखर जागच्या जागी राहते.

एके काळी साउंड कार्डाला पर्यायच नव्हता. १९८१चा आयबीएम पीसी नुसता बीप करायचा. १९८७ साली ॲडलिबचं कार्ड आलं, त्यावर यामाहाची चिप होती आणि ती एका वेळी नऊ सूर काढायची. दोनच वर्षांनी सिंगापूरच्या क्रिएटिव्हने साउंड ब्लास्टर आणलं. त्यात सुरांच्या जोडीला रेकॉर्ड केलेला आवाजही वाजायला लागला. आठ बिटांचा आणि मोनो होता, पण कॉम्प्युटरमधून माणूस बोलतोय हे कळत होतं. पुढे इंटेलने १९९७ मध्ये एसी-९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ ही मानकं आणली आणि हे सगळं काम मदरबोर्डवरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पट्टीवरच्या, नखाएवढ्या चिपमध्ये मावलं. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आल्यावर गेममधले इफेक्ट कार्डाच्या हार्डवेअरवर चालवण्याची नेहमीची वाटही बंद झाली. कार्ड घ्यायची कारणं तेव्हाच बदलली. खोक्यावरचा मजकूर मात्र अजून तसाच आहे.

त्या खोक्यावर ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ असं ठळक छापलेलं असतं. आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजून साठवतात, त्या एकेका मोजणीला नमुना म्हणतात. बिट म्हणजे ती मोजणी किती बारीक, आणि किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार नमुने. सीडीचा आवाज १६ बिटांचा आणि सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा असतो. दर बिटामागे साधारण सहा डेसिबल धरले तर १६ बिटांना ९६ डेसिबल होतात. म्हणजे सगळ्यात मोठा आवाज आणि तळाची सूं-सूं यांत एवढं अंतर. रात्रीच्या निवांत खोलीतही तीसेक डेसिबलची कुजबुज असतेच. तरुण, निरोगी कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि तेवढ्याला ४४,१०० नमुने पुरतात. गाणी ऐकणाऱ्याचं यावर उत्तम भागतं. २४ बिटांचा खरा उपयोग रेकॉर्डिंग करताना होतो, कारण पातळी थोडी खाली ठेवली तरी आवाज तळाच्या सुस्काऱ्यात बुडत नाही. ‘७.१’ या आकड्याचंही, म्हणजे सात बाजूंचे आवाज आणि एक जाड आवाजाचा स्पीकर, तेच. हेडफोनमध्ये कानागणिक एकच पडदा असेल, तर ते सात आवाज सॉफ्टवेअर तयार करतं, आणि तसं सॉफ्टवेअर कार्डाशिवायही मिळतं.

मग स्वस्त कार्डात कमी असतं ते काय? मी एक यूएसबी डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं छोटं कार्ड, उघडून आणला आहे, हातोहात पुढे द्या. अंगठ्याएवढी पट्टी आहे. मधोमध काळी चौकोनी चिप, शेजारी चकचकीत डबीसारखं क्रिस्टल, भोवती तांदळाच्या कणीएवढे कपॅसिटर आणि टोकाला दोन जॅक. आकड्यांचा आवाज करण्याचं काम ही चिप बरं करते. हे तंत्र आता इतकं पिकलं आहे की त्यात फारसा पैसा लागत नाही. पण चिपला वीज येते ती थेट यूएसबीच्या तारेतून, आणि त्याच विजेवर कॉम्प्युटरची बाकीची सगळी धावपळ चालू असते. ती वीज गाळून घ्यायला या पट्टीवर जवळपास काहीच नाही. स्वस्त आणि थोडं बरं यांतला फरक मला इथेच दिसतो: वीज किती गाळली आहे, हेडफोनचा ॲम्प्लिफायर कसा आहे आणि माईकचा कसा आहे.

आता खरखर ओळखायची कशी ते सांगतो. घरी दहा मिनिटांत होतं. काहीही न वाजवता आवाज पूर्ण वाढवा. हेडफोन कानाला लावू नका, जरा लांब धरा. माऊस हलवला किंवा पान खाली-वर सरकवलं की बारीक चिवचिव येते का? येत असेल तर ग्राफिक्स कार्डाचा आणि प्रोसेसरचा विजेचा गोंधळ ध्वनीच्या वाटेत शिरतोय. आधी हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकला लावा. पुढच्या जॅकची वायर सगळ्या मदरबोर्डावरून, पंख्यांना वळसा घालून येते आणि वाटेतलं सगळं गोळा करते. पुष्कळांची तक्रार एवढ्यानेच मिटते. तरी चिवचिव राहिली, तर वीज नीट गाळणारं बाहेरचं यूएसबी कार्ड घ्या. आवाजाचा नाजूक भाग त्या डब्यातून बाहेर निघाला, यालाच मी पैसे देतो.

दुसरी खरखर जाड असते, संथ घूंऽऽ अशी. लॅपटॉपला स्पीकर जोडले आहेत, स्पीकरही विजेवर आहेत आणि चार्जर काढला की घूं थांबते, तर तो अर्थिंगचा फेरा आहे. दोन उपकरणांना दोन वाटांनी अर्थिंग मिळालं की मधल्या ऑडिओ वायरमधून प्रवाह फिरायला लागतो. नवं यूएसबी कार्ड इथे कामाचं नाही, कारण यूएसबीतून तेच अर्थिंग पुढे जातं. दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावून बघा. नाही थांबली तर वायरच्या मध्ये विजेचा जोड तोडणारा छोटा आयसोलेटर बसवा किंवा दोन्हीकडे सोय असेल तर ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून नुसता प्रकाश जातो, त्यामुळे अर्थिंगचा संबंधच तुटतो.

तिसरी खरखर फक्त माईकमध्ये असते, पावसासारखी सतत. सेटिंगमध्ये माईक बूस्ट, म्हणजे माईकचा आवाज वाढवणारी सोय, ३० डेसिबलवर आहे का बघा. ३० डेसिबल म्हणजे व्होल्टेज साधारण ३२ पट. आवाजाबरोबर सुस्काराही तेवढाच वाढतो. बूस्ट उतरवा आणि माईक तोंडाजवळ आणा. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल फुकट मिळतात.

माईकवरून एक गोष्ट सांगतो, कारण ती मला अजून लागते. आजीच्या आवाजातली एक जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची होती. मी टेपरेकॉर्डर अशाच एका डोंगलच्या गुलाबी जॅकला लावला. ऐकलं तर आवाज फाटलेला, आणि तोही एकाच बाजूचा. गुलाबी जॅक माईकचा, माईकच्या काही मिलिव्होल्टांसाठी केलेला. टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउटचं, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या जॅकचं, व्होल्टेज त्याच्या कितीतरी पट. शिवाय अशा डोंगलचा माईक मोनो असतो, दुसरी बाजू आत येतच नाही. कॅसेट पुन्हा लावावी लागली, आणि जुनी फीत प्रत्येक वाजवण्यात थोडी झिजतेच. घरातल्या कॅसेट जपायच्या असतील तर कार्डाला स्टिरिओ लाइन-इन, म्हणजे असा आवाज दोन्ही बाजूंनी आत घेणारा जॅक आहे का, एवढं आधी बघा. मदरबोर्डवर तो जॅक फिकट निळा असतो. बाहेरच्या कार्डांत बेरिंजरचं यूसीए-२०२ यासाठी मला आवडतं: १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, लाल-पांढरे आरसीए जॅक आणि त्यावर माईकचा जॅकच नाही, त्यामुळे चूक होत नाही.

ज्यांना गायचं-वाजवायचं आहे त्यांच्यासाठी थोडंसं. तुमचा आवाज आत जाऊन परत कानात येईपर्यंत वेळ जातो. कॉम्प्युटर एका वेळी काही नमुन्यांचा गठ्ठा घेतो, त्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर २५६ नमुन्यांचा बफर धरला तर एका वाटेला साधारण ५.३ मिलिसेकंद, जाऊन-येऊन दुप्पट आणि वर ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची भर. गाताना हे खटकतं. तेव्हा कार्डावर डायरेक्ट मॉनिटर असं बटण आहे का बघा. त्याने स्वतःचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. स्टुडिओतला कंडेन्सर माईक असेल तर ४८ व्होल्टचा फँटम पुरवठाही, म्हणजे माईकच्याच वायरमधून जाणारी वीजही, लागेल, तो डोंगल देऊ शकत नाही.

इथे टेबलावर दोन हेडफोन आहेत, एकाच लॅपटॉपला लावलेले. डावा लॅपटॉपच्या जॅकला, उजवा त्या उघड्या डोंगलच्या जोडीदाराला. काही वाजत नाहीये, मी मुद्दामच शांतता लावली आहे. एकेकाने पुढे या, माऊस हलवत दोन्ही ऐका. कुठल्यात काय येतं ते कागदावर लिहा, मग एकेक वायर काढून आपण त्याचं मूळ शोधू.