अठ्ठेचाळीस पौंडांचं सूक्ष्मदर्शक

श्रोतेहो, नमस्कार.

आज आयर्लंडमधल्या एका जमीनदार घराण्याची मुलं कशी वाढली, ते सांगणार आहे. काळ एकोणिसाव्या शतकाचा. गाव पार्सन्सटाउन, आयर्लंडच्या मधोमध. आता नकाशात त्याचं नाव बर असं दिसेल. तिथे पार्सन्स घराण्याचा तटाबुरुजांचा वाडा, बर कॅसल. घराचे कर्ते विल्यम पार्सन्स, म्हणजेच तिसरे लॉर्ड रॉस.

अशा घरांची सर्वसाधारण रीत आधी सांगून टाकते. जमीनदार बहुतेक प्रॉटेस्टंट, कुळं बहुतेक कॅथलिक. कुळांच्या खंडावर घर चालायचं. मुलगे थोडे मोठे झाले की इंग्लंडच्या बोर्डिंग शाळेत रवाना. मुलींना घरी गव्हर्नेस ठेवायची. तिने शिकवायचं फ्रेंच, पियानो, चित्रकला आणि भरतकाम. त्या गव्हर्नेसबद्दल खरं तर वेगळं भाषण द्यायला हवं. बिचारी ना नोकरांत, ना घरच्यांत. जेवणाचं ताट वरच्या खोलीत, एकटीला. पगार इतका तुटपुंजा, की म्हातारपणाची सोय म्हणून काही उरायचं नाही. दुसऱ्याच्या मुलांना शिकवणाऱ्या माणसाला कमी पैसे द्यायचे, ही खोड कुठल्याच देशाची सुटलेली नाही. असो.

रॉस घराण्याची तऱ्हा मात्र निराळी होती. लॉर्डसाहेबांना दुर्बिणीचं वेड. तेही विकत घ्यायच्या नाही, घरी बनवायच्या. वाड्याच्या आवारात भट्ट्या, लोहारकामाचे भाते, आरसे घासायचं वाफेवर चालणारं यंत्र. कामाला आपल्याच जमिनीवरची माणसं, त्यांना हाताशी धरून शिकवलेली. १८४२च्या एप्रिलमध्ये एका रात्री तांबं आणि कथील वितळवून सहा फूट व्यासाचा आरसा ओतला. जळण कसलं? पीट. दलदलीतून वड्या कापायच्या आणि आपल्या गोवऱ्यांसारख्या वाळवून रचायच्या, ते पीट. ओतलेला आरसा भट्टीत सोळा आठवडे निवत ठेवला होता! १८४५मध्ये दुर्बीण उभी राहिली. तिच्याएवढी मोठी दुर्बीण १९१७पर्यंत जगात दुसरी झाली नाही.

आणि हे सगळं चाललेलं असताना मुलं तिथेच. हे लक्षात ठेवा, श्रोतेहो, पुन्हा सांगते: मोठ्यांचं काम चालू, आणि मुलं तिथेच.

आता मला आवडणारी गोष्ट. लॉर्ड रॉस यांची एक मावसबहीण होती, मेरी किंग. त्यांच्याहून सत्तावीस वर्षांनी लहान, म्हणजे बहीण असली तरी वयाने लेकीसारखी. तिचं माहेर बॅलिलिन, पार्सन्सटाउनहून फार दूर नाही. शाळेचं तोंड तिने पाहिलं नाही, शिक्षण घरीच. अगदी लहानपणापासून किडे गोळा करायची. फुलपाखरं, माश्या, भुंगे, जे सापडेल ते. आपल्याकडे आईने 'टाक ते आधी बाहेर' म्हटलं असतं. तिच्या घरी तिला भिंग दिलं.

दादाकडे दुर्बीण बांधली जात होती, तेव्हा मेरी पंधराच्या आसपासची. ती वही घेऊन यायची आणि जे बांधलं जाईल त्याची चित्रं काढायची. ती चित्रं इतकी नेमकी, की दीडशे वर्षांनी त्या दुर्बिणीची डागडुजी झाली तेव्हा लॉर्डसाहेबांच्या पत्नीने काढलेल्या फोटोंबरोबर ती चित्रंही कामी आली. हो, पत्नीने काढलेले फोटो. लेडी रॉस यांचीही वाड्यात स्वतःची डार्करूम होती. त्या घरात रिकामं कुणी बसायचंच नाही.

तर एकदा सर जेम्स साउथ हे मोठे खगोलशास्त्रज्ञ तिकडे आले होते. माणूस तसा तिखट, भांडखोर म्हणून प्रसिद्ध. आलेले दुर्बिणीसाठी, पण त्यांची नजर गेली मेरीकडे. ती एका किड्यावर भिंग धरून बसलेली. भिंगातून बघायचं, कागदावर रेघ काढायची, पुन्हा बघायचं. साउथ यांनी थेट तिच्या वडिलांना गाठलं आणि सांगितलं, या मुलीला सूक्ष्मदर्शक घेऊन द्या.

वडिलांनी घेऊन दिलं. १८४५ साल, मेरी अठरा वर्षांची. लंडनच्या अँड्र्यू रॉस या कारागिराचं (आपल्या लॉर्डसाहेबांचा हा कुणी नव्हे) सूक्ष्मदर्शक, त्या काळी उत्तमांतलं उत्तम. किंमत ४८ पौंड १२ शिलिंग ८ पेन्स. वरचे आठ पेन्ससुद्धा मला पाठ आहेत, कारण ही रक्कम मला फार आवडते. लग्नाच्या वयाच्या मुलीवर वडिलांनी दागिन्यात नाही, यंत्रात घातलेले पैसे! आपल्याकडे अजूनही त्या वयात आधी तोळ्याचा भाव विचारतात.

यंत्र आलं, पण स्लाइडसाठी काच सहज मिळेना. मेरीने हस्तिदंताच्या पातळ चकत्यांवर नमुने बसवले. फुलपाखराच्या पंखावरचे खवले, माशीचा डोळा, सगळं स्वतः कापायचं, स्वतः लावायचं, स्वतः चित्र काढायचं. डेव्हिड ब्रूस्टरसारख्या नावाजलेल्या शास्त्रज्ञाने आपल्या लेखनासाठी तिची चित्रं घेतली.

पुढे १८५४मध्ये हेन्री वॉर्ड यांच्याशी लग्न झालं. मेरी वॉर्ड झाली, मुलंबाळं झाली. आणि १८५७मध्ये तिने सूक्ष्मदर्शकावर पुस्तक लिहिलं. बाईचं पुस्तक, तिच्याकडे पदवी नाही, कोण छापणार? म्हणून तिने पार्सन्सटाउनमध्येच २५० प्रती स्वतः छापून घेतल्या. पुढच्याच वर्षी लंडनच्या प्रकाशकाने ते उचललं, आणि नंतर त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. पदवीचं म्हणाल तर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने मुलींना दार उघडलं ते १९०४ साली. तोवर मेरी जाऊन पस्तीस वर्षं झाली होती.

ती कशी गेली, तेही सांगायला हवं, कारण ते त्याच घराशी जोडलेलं आहे. लॉर्डसाहेबांचे चार मुलगे जगले. त्यांना बोर्डिंग शाळेत पाठवलंच नाही. घरीच शिक्षक ठेवले, आणि तेही कसे? रॉबर्ट बॉल इथे मुलांना शिकवायला होते, जे पुढे आयर्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ झाले. दिवसा मुलांचं गणित घ्यायचं, रात्री त्याच प्रचंड दुर्बिणीला डोळा लावायचा. बाकी वेळ मुलं कार्यशाळेत. कानस, लेथ, बॉयलर, सगळ्याला हात लावायला मोकळे. नाहीतर आपली विज्ञान प्रदर्शनं बघा. टेबलापुढे दोरी आणि वर पाटी, 'हात लावू नये'. मग मुलांनी काय करायचं, नमस्कार करून पुढे जायचं?

त्याच कार्यशाळेतून वाफेवर चालणारी एक गाडी तयार झाली. १८६९च्या ३१ ऑगस्टला त्या गाडीतून मेरी आणि हेन्री, पार्सन्सची मुलं आणि त्यांचे शिक्षक गावातून निघाले होते. वेग माणसाच्या भराभर चालण्याइतकाच. चर्चजवळच्या वळणावर गाडीला हिसका बसला, मेरी खाली फेकली गेली आणि चाकाखाली आली. वय बेचाळीस. रस्त्यावरच्या यंत्राच्या गाडीने झालेला जगातला पहिला नोंदलेला मृत्यू म्हणून तिचं नाव घेतात. मला ते आवडत नाही. सूक्ष्मदर्शकाने कमावलेलं नाव एका वळणाने झाकून टाकलं.

आता एक गोष्ट राहू नये. हे सगळं कुळांच्या खंडावर चाललं होतं. दुर्बीण उभी राहिली त्याच १८४५च्या शरद ऋतूत बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत भूक आणि साथी यांनी दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. लॉर्ड रॉस यांनी निरीक्षणं बाजूला ठेवली आणि मदतीच्या कामाला लागले, हे खरं. पण कुळाच्या मुलीला अठ्ठेचाळीस पौंडांचं यंत्र सोडाच, बटाटाही नव्हता.

अपघात झाला तेव्हा धाकटा चार्ल्स पार्सन्स पंधरा वर्षांचा होता. घरातल्या कुणी त्याला यंत्रांपासून दूर ठेवलं नाही. पुढे तो केंब्रिजला गणित शिकला आणि मग न्यूकॅसलच्या कारखान्यात उमेदवारी करायला गेला. लॉर्डाचा मुलगा, आणि कारखान्यात उमेदवार! १८८४मध्ये त्याने वाफेचं टर्बाइन, म्हणजे वाफेच्या जोराने गरगर फिरणारं पात्यांचं यंत्र बनवलं. वाफेचा जोर एकदम न वापरता पात्यांच्या ओळींमागून ओळींतून टप्प्याटप्प्याने काढून घ्यायचा, ही त्याची युक्ती. यावर जहाजं चालवता येतील, हे आरमाराला पटेना. मग १८९७मध्ये राणी व्हिक्टोरिया गादीवर आली त्याला साठ वर्षं झाली म्हणून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ स्पिटहेडला युद्धनौकांची मानवंदना होती, तिथे चार्ल्स टर्बाइनवर चालणारी आपली 'टर्बिनिया' ही बोट घेऊन बोलावणं नसताना घुसला. वेग ३४ नॉट, म्हणजे तासाला सुमारे ६३ किलोमीटर. पाठलागाला आलेल्या पहाऱ्याच्या बोटींना ती सापडेना. नऊ वर्षांनी ब्रिटिश आरमाराची सगळ्यात मोठी युद्धनौका, ड्रेडनॉट, टर्बाइनवरच चालली.

आणि कोराडीला, चंद्रपूरला, परळीला औष्णिक केंद्रांत आज जी टर्बाइनं फिरतात, ती त्याच युक्तीची वंशज. तुमचा रेडिओ बॅटरीवर नसेल, तर आत्ता बहुधा त्यांच्याच कृपेने मी तुमच्याशी बोलतेय. माझी वेळ संपल्याची खूण काचेपलीकडून झाली आहे. नमस्कार.